ह्वांगशान एका दिवसात होईल का? पुण्याच्या कुटुंबाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायको दोघंही सह्याद्रीत नियमित भटकणारे, सोबत बारा वर्षांची मुलगी आणि गुडघ्याचा त्रास असलेल्या अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरमध्ये, शांघाय आणि हांगझोऊ ठरलेलं आहे. हांगझोऊहून ह्वांगशान हा पूर्व चीनमधला डोंगर एका दिवसात करून परतता येईल का, सर्वांत उंच शिखर कोणत्या वाटेनं गाठायचं, आणि हरिश्चंद्रगड, रतनगड पाहिलेल्या माणसाला तिथे वेगळं काय मिळणार?

मी बऱ्याच वर्षांपासून मराठी मंडळींना पूर्व चीनमध्ये घेऊन जातो आणि ह्वांगशान हा माझा सगळ्यांत जिव्हाळ्याचा डोंगर आहे. म्हणून स्पष्ट सांगतो. एका दिवसात जाऊ नका. वर डोंगरावर एक रात्र काढता येत असेल तरच जा, नाहीतर तो दिवस हांगझोऊच्या पश्चिम सरोवराला द्या.

हिशोब असा आहे. हांगझोऊहून ह्वांगशान उत्तर स्थानकापर्यंत हायस्पीड रेल्वेनं साधारण दीड-दोन तास लागतात. ही लाईन २०१८च्या डिसेंबरात सुरू झाली, त्याआधी हा प्रवास फार किचकट होता. स्थानकावरून पायथ्याच्या तांगकोऊ गावापर्यंत बसनं सुमारे तासभर. तांगकोऊच्या पुढे खाजगी गाडी सोडत नाहीत, तिथून डोंगराच्या बसनं रोपवेच्या तळाशी जायचं, रांगेत उभं राहायचं, मग वर. पहाटे निघालात तरी माथ्यावर पाय ठेवेपर्यंत दुपार होते आणि नोव्हेंबरात खाली येणारा रोपवे साडेचारच्या आसपास थांबतो. हातात उरतात तीन-चार तास, तेही नेमके दिवसातल्या सगळ्यांत जास्त गर्दीचे. ऊन डोक्यावर असतं, कडे सपाट दिसतात, ढग असले तर विरलेले असतात. ह्वांगशानचं जे काही आहे ते सूर्य कलल्यानंतर आणि उगवण्याच्या आसपास आहे, आणि त्या दोन्ही वेळांना एका दिवसात येणारा पाहुणा बसमध्ये बसलेला असतो.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर ठरतं.

आपला सह्याद्री म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, म्हणून आपल्या डोंगरांना आडव्या पट्ट्या आणि सपाट माथे आहेत. ह्वांगशान ग्रॅनाइटचा आहे. तिथे १२ ते १४ कोटी वर्षांपूर्वी शिलारस जमिनीच्या पोटातच थंड झाला, मग जमीन उचलली गेली, वरचे खडक झिजून गेले आणि आतला ग्रॅनाइट उघडा पडला. या ग्रॅनाइटला उभ्या भेगा आहेत. पाणी त्या भेगांत शिरतं, हिवाळ्यात गोठतं, भेग रुंदावते आणि खडक वरून खाली चिरत जातो. त्यामुळे डोळ्याला आडव्या रेषांची सवय असलेल्या आपल्या माणसाला तिथे सगळं उभं दिसतं. शिवाय भेगांचं प्रमाण सगळीकडे सारखं नाही. दक्षिणेकडच्या, म्हणजे पुढच्या बाजूला भेगा विरळ आहेत, म्हणून तिथे कडे थोराड आणि गोलसर आहेत. उत्तरेकडच्या, मागच्या बाजूला भेगा दाट आहेत, म्हणून तिथे सुळक्यांची गर्दी. चिनी लोक पुढच्या बाजूला भव्य आणि मागच्या बाजूला देखणी म्हणतात, आणि त्यामागचं कारण हे इतकं साधं आहे. तुमचा मार्ग मी मागून वर चढून पुढून खाली उतरायचा आखून देणार आहे तो याचसाठी. नाजूक आधी पाहावं, थोराड नंतर.

एक खबरदारी. समाजमाध्यमांवर ‘चीनमधले तरंगते डोंगर’ म्हणून फिरणारे फोटो बहुतेक वेळा हूनान प्रांतातल्या चांगच्याचिएचे असतात. ते वालुकाश्माचे खांब आहेत, काचेचा पूलही तिकडचाच. तो शोधत ह्वांगशानला आलात तर निराश व्हाल.

शिखरांबद्दल. सर्वांत उंच लियानहुआ, म्हणजे कमळ शिखर, १८६४ मीटर. त्याच्या खालोखाल ग्वांगमिंगडिंग, साधारण १८६० मीटर, आणि तिसरं तियानदू, १८१० मीटर. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे आकड्यात फार फरक नाही. पण लियानहुआ आणि तियानदू ही दोन शिखरं आलटून पालटून काही वर्षं बंद ठेवतात, झाडांना आणि वाटांना विश्रांती मिळावी म्हणून. हिवाळ्यात बर्फ पडला की चालू असलेलंही बंद होतं. तेव्हा ‘सर्वांत उंच शिखर’ हे ध्येय ठेवूनच जाऊ नका. ग्वांगमिंगडिंग वर्षभर खुलं असतं, उंचीत चार-पाच मीटरचाच फरक, आणि तिथून चारही बाजू दिसतात.

हे मी एका ट्रेकरला सांगतोय याची जाणीव आहे. आपल्याकडे डोंगर म्हणजे गड, आणि गड म्हणजे सर करायची गोष्ट. ह्वांगशानला लोक शेकडो वर्षं जात आले ते पाहायला. चढले, थांबले, चित्रं काढली, कविता लिहिल्या. या डोंगराचं मूळ नाव यीशान. इसवी सन ७४७ मध्ये तांग सम्राट श्वानझोंगच्या आज्ञेनं ते बदलून ह्वांगशान झालं, कारण दंतकथेतल्या ह्वांगदीनं, म्हणजे पीत सम्राटानं, इथेच अमरत्वाची गुटिका बनवली अशी श्रद्धा होती. तरी मधली कित्येक शतकं आतला भाग दुर्गमच होता. १६०६ मध्ये पूमेन नावाचा बौद्ध भिक्षू आला, त्यानं मठ उभारला, दरबाराचा आश्रय मिळवला आणि त्यानंतर वाटा नीट होऊ लागल्या.

त्याच सुमारास शू शियाके आला. मिंग काळातला हा प्रवासी, १५८७ ते १६४१ हा त्याचा काळ, आयुष्यभर पायी फिरला आणि रोजनिशी लिहीत राहिला. ह्वांगशानला तो १६१६ मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा वर बर्फ होता. रोजनिशीत त्यानं लिहून ठेवलंय की सावलीतल्या उतारावर बर्फ घट्ट झाला होता, म्हणून तो काठीनं बर्फात एक खोबण पाडायचा, त्यात पुढचा पाय रोवायचा, मग दुसरी खोबण पाडून मागचा पाय उचलायचा. दोन वर्षांनी तो परत आला आणि तियानदू आणि लियानहुआ दोन्ही शिखरांवर चढला. तेव्हा सगळे तियानदूलाच सर्वांत उंच समजत. यानं वर उभं राहून नजरेनं जोखलं आणि लियानहुआ उंच आहे असं लिहून ठेवलं. मोजमापानं पुढे त्याचंच खरं ठरलं. ‘पाच पवित्र पर्वत पाहिल्यावर दुसरे डोंगर पाहावेसे वाटत नाहीत, आणि ह्वांगशान पाहिल्यावर ते पाचही पाहावेसे वाटत नाहीत’ हे वचन प्रत्येक गाईड त्याच्या नावावर सांगेल. ते लोकांनी घडवलेलं रूप आहे. मला त्यापेक्षा बर्फात काठीनं खोबण पाडणारा माणूस जास्त मोलाचा वाटतो.

मग चित्रकार आले. तुम्ही विचारलंय की चिनी चित्रांतले ते टोकदार, अधांतरी वाटणारे डोंगर कल्पनेतले असतात का. नसतात. सतराव्या शतकात होंगरेन, शिताओ आणि मेई छिंग या तिघांनी ह्वांगशान पुन्हा पुन्हा रेखाटला. होंगरेन पायथ्याजवळच्या शेशियानचा. मिंग राजवट कोसळल्यावर तो भिक्षू झाला. त्याच्या चित्रात सावली जवळजवळ नसते, नुसत्या कोरड्या, कोनदार रेषा आणि मोकळा कागद. उघडा ग्रॅनाइट पाहिल्याशिवाय ती रेषा समजत नाही. पाहिला की कळतं, त्या भेगा आहेत, त्यानं भेगाच काढल्यात. शिताओच्या चित्रांत उलट सगळं ओलं, ढगांनी भरलेलं. दोघंही खरे, फक्त हवा वेगळी. विसाव्या शतकात लिऊ हायसू हा चित्रकार आयुष्यात दहा वेळा इथे चढला, शेवटचं १९८८ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर. मुलीला चित्रकलेची आवड असेल तर जाण्याआधी होंगरेनची चार-पाच चित्रं तिला दाखवून ठेवा आणि वर गेल्यावर तशी रेषा शोधायला सांगा. मुलं ती मोठ्यांच्या आधी शोधतात.

आता पाइनची झाडं. ह्वांगशान पाइन साधारण ८०० मीटरच्या वर दिसू लागतो. माथ्याजवळच्या कोणत्याही झाडापाशी दोन मिनिटं थांबा आणि बुंध्याकडे पाहा. माती नसते. मूळ थेट खडकाच्या भेगेत गेलेलं असतं, कित्येकदा बाहेर दिसणाऱ्या झाडापेक्षा मुळांचाच पसारा मोठा. मुळांतून आम्ल पाझरतं, त्यानं खडक थोडा थोडा सुटतो आणि त्यातूनच झाडाला खनिजं मिळतात. वारा एका अंगानं येतो म्हणून फांद्या दुसऱ्या अंगाला पसरतात, माथा कापल्यासारखा सपाट होतो, सुया आखूड आणि कडक राहतात. पुढच्या बाजूच्या यूपिंगजवळचा ‘स्वागताचा पाइन’ यातला सर्वांत प्रसिद्ध. दहा मीटरच्या आसपास उंची, एका बाजूला हात पुढे करावा तशा दोन फांद्या. बीजिंगच्या जनसभागृहातल्या आनहुई (ह्वांगशानचा प्रांत) दालनात याचंच चित्र लोखंडी पट्ट्यांतून घडवून लावलेलं आहे. १९८०च्या दशकापासून या एका झाडाला पूर्णवेळ राखणदार आहे. तो दिवसातून अनेकदा फांद्या, साल, आधाराचे टेकू, सगळं तपासून वहीत नोंद करतो. गर्दीमुळे झाडाजवळ जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. फोटो दुरून काढा.

ढगांबद्दल लोकांच्या मनात सगळ्यांत जास्त गोंधळ असतो. माथ्यावर वर्षातले दोनशेहून जास्त दिवस धुकं असतं. मंडळी हवामानाचं अ‍ॅप उघडतात, ढगाचं चित्र दिसतं आणि जाणंच रद्द करतात. स्वच्छ निळं आकाश हा ह्वांगशानचा सर्वांत साधा दिवस आहे. पाऊस किंवा बर्फ पडून गेल्यावर थंड हवा येते, दऱ्यांतला ओलावा खाली दाबून धरला जातो आणि ढगांचा थर तुमच्या पायांखाली साचतो. सुळक्यांची टोकं तेवढी वर राहतात. नोव्हेंबर ते मे या काळात हे जास्त घडतं. डोंगराच्या भागांची नावंच समुद्रावरून आहेत: बेइहाय म्हणजे उत्तर समुद्र, शीहाय पश्चिम समुद्र, मधला तियानहाय आकाश समुद्र. आणि दाट धुक्यात काहीच दिसत नसलं तरी खोलीत जाऊन झोपू नका. पाइयुन मंडपाशी कठड्याला टेकून थांबा. वीस मिनिटांत पडदा हलतो, एक सुळका दिसतो, परत जातो, मग दुसराच कुठला तरी वर येतो. शिताओच्या चित्रांत जे आहे ते हे. कोकणकड्यावर पावसाळ्यात तासन्‌तास बसलेल्या माणसाला मी यापेक्षा जास्त सांगायला नको.

आता प्रत्यक्ष आखणी. पहिल्या दिवशी सकाळची गाडी धरून दुपारपर्यंत तांगकोऊला पोहोचा. मोठ्या बॅगा तिथल्या हॉटेलात ठेवा, पाठीवर फक्त रात्रीपुरतं घ्या. बसनं युन्गूला जा आणि रोपवेनं पांढऱ्या हंसांच्या खिंडीत, बाइएलिंगला, वर या. तुम्हा दोघांना पायी चढायची खुमखुमी येईल. युन्गूची पूर्वेची वाट सहा-सात किलोमीटरची, तीनेक तासांची, सलग दगडी पायऱ्यांची आहे आणि बराच वेळ झाडीतून जाते. तिथे तुमचा जोर खर्च करू नका, तो वर लागणार आहे. बाइएलिंगहून शिशिन शिखराकडे थोडं वळून जा. एवढ्याशा माथ्यावर पाइन आणि सुळक्यांची अशी दाटी दुसरीकडे नाही. मग बेइहाय भागात मुक्कामाला. बेइहाय, शीहाय आणि पाइयुन मंडप या पट्ट्यात काही हॉटेलं आहेत. खोलीचे दर खालच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट वाटतील. तिथे वस्तू कोणत्या वाटेनं पोहोचतात ते पाहिलंत की ते दर पटतात. सूर्यास्त पाइयुन मंडपाशी पाहा.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला छिंगलियांग कट्ट्यावर किंवा सिंह शिखराकडे. हॉटेलच्या स्वागतकक्षात वेळ लिहिलेली असते, तिच्या पाऊण तास आधी जागा धरा. ‘समुद्र पाहणारा माकड’ म्हणून प्रसिद्ध असलेला दगडही त्याच बाजूला आहे. नाश्ता करून फेइलाय शिळा, मग ग्वांगमिंगडिंग, तिथून तियानहाय, आओयू शिखराच्या अंगानं अरुंद घळींतून उतरत शंभर पायऱ्यांच्या शिडीकडे आणि पुढे यूपिंग. हे अंतर नकाशावर किरकोळ दिसतं, पण सतत उतार आणि परत चढ आहे. चार-पाच तास धरा. यूपिंगहून रोपवेनं खाली सिगुआंग मंडपाशी, तिथून बसनं तांगकोऊ. शीहाय दरीतली वाट सगळ्यांत थरारक, कड्याला चिकटवलेल्या पायऱ्यांची, आणि तळापासून वर यायला रुळावरची गाडी आहे. पण ती हिवाळ्यात बंद करतात आणि आधी खराब हवेतही. उघडी असेल तर तुम्ही दोघांनी जा, मुलीनं आजीबरोबर थांबावं.

सासूबाईंचं काय? त्या आल्याच पाहिजेत, घरी ठेवू नका. १९७९च्या जुलैमध्ये चीनचे नेते दंग श्याओपिंग पंचाहत्तराव्या वर्षी हा डोंगर पायी चढले, आणि पर्यटनासाठी इथे कामाला लागायचं तिथूनच ठरलं. सासूबाईंना तसं चढायची गरज नाही. बाइएलिंग ते बेइहाय ते पाइयुन मंडप या भागात चढउतार त्यातल्या त्यात कमी आहेत, आणि हाच डोंगराचा सर्वांत सुंदर पट्टा आहे. पण पायऱ्या चुकत नाहीत. दुखऱ्या गुडघ्याला चढ नाही, उतार छळतो, म्हणून दोन काठ्या आणि गुडघ्याचा पट्टा हवाच. दुसऱ्या दिवशी त्यांना यूपिंगच्या वाटेवर नेऊ नका. तुमच्यापैकी एकानं त्यांच्यासोबत आल्या वाटेनं बाइएलिंगला परत जावं आणि युन्गूच्या रोपवेनं उतरावं. भेट तांगकोऊला. बांबूच्या खुर्चीची डोली मिळते, भाडं अंतरावर ठरतं, बसण्याआधी रक्कम फोनवर आकड्यात लिहून दोघांनी मान्य करावी.

वाटेत तुम्हाला हमाल भेटतील. खांद्यावर बांबूची कावड, दोन्ही टोकांना भाजी, तांदूळ, गॅस, पाण्याच्या पेट्या. उतरताना हॉटेलच्या चादरी आणि कचरा. हातात एक आखूड काठी असते. दम घ्यायला थांबले की ती काठी कावडीखाली टेकवतात, म्हणजे ओझं जमिनीला लागत नाही आणि परत उचलावं लागत नाही. मागून आवाज आला की लगेच कडेला व्हा, डोंगराच्या बाजूची जागा त्यांना द्या, आणि फोटोसाठी त्यांना थांबवू नका. त्यांची लय मोडते.

जेवण. तुम्ही शाकाहारी आहात, तेव्हा तयारीनं जा. या भागाचं खाणं प्रसिद्ध आहे ते आंबवलेल्या माशासाठी आणि डुकराच्या चरबीत परतलेल्या भाज्यांसाठी. ह्वांगशानची खुसखुशीत भाजलेली पोळी दिसायला निरागस असते, पण सारणात वाळवलेल्या पाल्याबरोबर डुकराचं मांस असतं. बुरशी चढवलेला टोफू शाकाहारी आहे, चवीलाही छान, मात्र कशात तळलाय ते विचारा. ‘मांस, मासे, चरबी नको’ हे चिनी लिपीत फोनवर तयार ठेवा. खोलीत गरम पाण्याची किटली हमखास असते, त्यामुळे उपम्याची पाकिटं, दशम्या, मेतकूट, चटणी बरोबर असली की सासूबाईंचा प्रश्न सुटतो. चहा मात्र तिथलाच प्या. ह्वांगशान माओफंग हा हिरवा चहा इथला, आणि छीमन काळा चहाही याच भागातला.

बुकिंग करताना एक घोळ टाळा. ह्वांगशान नावाचं शहरही आहे, त्याचं केंद्र तुनशी, डोंगरापासून तासाभरावर. १९८७ पर्यंत त्या प्रदेशाचं नाव ह्विझोऊ होतं. उत्तरेला ह्वांगशान नावाचा एक तालुकाही आहे. म्हणून हॉटेल घेताना पत्त्यात तांगकोऊ किंवा माथ्यावरचा भाग लिहिलाय ना ते पाहा. प्रवेश तिकीट मार्च ते नोव्हेंबर १९० युआन, डिसेंबर ते फेब्रुवारी १५० युआन, रोपवे एका बाजूचा ८० ते ९० युआन. दर निघण्याआधी तपासा. तिकीट पासपोर्टवर निघतं, रेल्वेचंही तसंच. भारतीय पासपोर्टला व्हिसाशिवाय २४० तास थांबू देणारी ट्रान्झिट सवलत लागू नाही, रीतसर व्हिसा काढावा लागेल. फोनवर अलिपे हे पैसे देण्याचं अ‍ॅप टाकून कार्ड इथूनच जोडा, कारण तांगकोऊच्या भाजीवालीकडेही तेच चालतं. व्हॉट्सअ‍ॅप आणि गुगल तिथल्या वायफायवर चालत नाहीत, भारतीय सिमचं रोमिंग घेतलं तर चालतात.

नोव्हेंबरात माथ्यावर पहाटे तापमान शून्याजवळ जाऊ शकतं. जाड जाकीट, कानटोपी, हातमोजे आणि छत्रीऐवजी रेनकोट घ्या. गर्दीच्या पायऱ्यांवर छत्री धोक्याची. बूट घट्ट पकडीचे, ओला ग्रॅनाइट निसरडा असतो.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर उतरल्यावर होंगत्सुनला जा. शीदी आणि होंगत्सुन ही दोन गावं २००० मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली, डोंगर स्वतः १९९० मध्येच आला होता. होंगत्सुनमध्ये ओढ्याचं पाणी दगडी पाटांतून घराघरांपुढून खेळवून तळ्यात आणलंय, आणि अंतरं थोडी असल्यानं सासूबाईंनाही फिरता येईल. तुनशीच्या जुन्या बाजारात पाइनच्या काजळीपासून बनवलेल्या शाईच्या कांड्या आणि ती शाई उगाळायची, ‘शे’ नावाच्या दगडाची पाटी मिळते. मुलीसाठी एक लहान कांडी घ्या. फार स्वस्त कांडी पाइनच्या काजळीची नसते, दुकानदाराला घासून दाखवायला सांगा.

माथ्यावरची खोली सगळ्यांत आधी पक्की करा, मग रेल्वे, मग बाकीचं. खोली शनिवारी मिळत नसेल तर प्रवास मागेपुढे करून मंगळवार-बुधवार धरा. आणि कधी तारखा बदलल्याच, तर १ ते ७ ऑक्टोबर आणि मे महिन्याचा पहिला आठवडा या चिनी सुट्ट्यांच्या वाटेला जाऊ नका.